माजघरातला स्टुडिओ

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात लोणच्याला येणाऱ्या बुरशीवर लिहिलं, तेव्हा पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्यात एक जाड लिफाफा होता. मला वाटलं, कोणीतरी आजेसासूबाईंच्या हातची कृती सविस्तर लिहून पाठवली असेल. उघडलं तर वहीची फाडलेली सहा पानं, आणि पहिलंच वाक्य: "हे तुमच्या सदरात बसणारं नाही, पण विचारू तरी कोणाला?" पत्र वाचून संपलं तेव्हा समोरचा चहा गार झाला होता.

पत्र लिहिणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतात. (नाव छापू नका म्हणाल्यात, तेव्हा एवढंच पुरे.) वय बावन्न. मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याचा जुना कॉम्प्युटर, पंचवीस पट्ट्यांचा लहानसा कीबोर्ड आणि कान झाकणारे हेडफोन मागे राहिले. ताई लग्नाआधी पेटी शिकत होत्या, मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या. पेटी माहेरी राहिली ती राहिलीच. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने आईला एका दुपारी सगळं चालू कसं करायचं ते दाखवलं. तेव्हापासून रोज दोन ते चार, मागचं आवरून झालं की ताई माजघरात त्या कॉम्प्युटरपुढे बसतात. घरातले आवाज मोबाईलवर टिपतात, ते कॉम्प्युटरमध्ये घेतात, लांबवतात, खाली उतरवतात, एकावर एक थर चढवतात, मधूनच कीबोर्डवरचा एखादा सूर सोडतात. दीड वर्ष हे चाललंय नि घरात कोणाला पत्ता नाही. एकदा यजमान लवकर घरी आले, हेडफोनची वायर निघालेली होती, स्पीकरमधून जो काही आवाज आला तो ऐकून ते म्हणाले, "हे काय भुताटकीचं लावलंयस?" ताईंनी हसून वेळ मारून नेली.

इथवर गंमतच आहे. पण पुढचं ऐका. सासूबाई पहाटे उठून विष्णुसहस्रनाम म्हणत. शेवटच्या वर्षात दात नव्हते, शब्द लागत नसत, देवघरातून नुसती एक गुणगुण यायची. ताईंनी एका पहाटे ती मोबाईलवर टिपून ठेवली. या मार्चमध्ये सासूबाई गेल्या. महिनाभराने एका दुपारी ताईंनी ती गुणगुण कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि आज तिची बावीस मिनिटांची रचना झाली आहे. यजमानांना यातलं काही माहीत नाही. ताई विचारतात: या वयात हे खूळ बरं का? याला संगीत म्हणायचं का? आणि गेलेल्या माणसाच्या आवाजाशी असा खेळ करणं पाप तर नाही ना? "ह्यांना ऐकवू, की पुसून टाकू?"

पुसून बिसून टाकू नका ताई, एवढं आधी सांगते. बाकीचं सांगायला मला पंधरा दिवस अभ्यास करावा लागला. माझा एक भाचा ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्याच्याकडे दोन दुपारी ठाण मांडून बसले. त्याने मला काय काय ऐकवलं, काही पुस्तकं दिली. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हा सगळ्यांनाच सांगते, कारण माजघरात एकटं बसून असलं काही करणाऱ्या ताई पहिल्या नाहीत. बऱ्याच आधी, चांगल्या नावाजलेल्या बायकांनी हे केलंय.

डॅफ्नी ओराम हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं. इंग्लंडात विल्टशर परगण्यात १९२५ साली जन्मली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये जागा मिळाली होती, ती सोडून ही मुलगी १९४३ साली बीबीसीत नोकरीला लागली. महायुद्ध चालू होतं. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल व्हायची, ती रेडिओवरून जायची, आणि ही बाजूला बसून त्याच संगीताची तबकडी अगदी मैफलीच्या बरोबरीने फिरवत ठेवायची. बॉम्ब पडून मैफल बंद करावी लागलीच तर क्षणात तबकडीवर यायचं, ऐकणाऱ्याला कळूसुद्धा द्यायचं नाही! अठरा वर्षांच्या पोरीचं काम, आणि कानाची काय तयारी लागत असेल विचार करा.

पुढे १९४९च्या सुमाराला तिने वाद्यवृंद, मायक्रोफोन आणि तबकड्या यांची मिळून एक मोठी रचना लिहिली, 'स्टिल पॉइंट' नावाची. बीबीसीने ती नाकारली. ही गप्प बसली नाही. रात्री स्टुडिओतली माणसं घरी गेली की निरनिराळ्या खोल्यांतली टेपरेकॉर्डरची अवजड यंत्रं ओढत एका खोलीत आणायची, रात्रभर काम करायची आणि सकाळ व्हायच्या आत जिथली तिथे ठेवून द्यायची. हे वाचताना मला माझी आई आठवली. सगळ्यांची निजानीज झाली की ती शिवणयंत्रावर बसायची आणि सकाळी अंथरूण काढणाऱ्यांना चिंधीही दिसायची नाही.

१९५८ साली बीबीसीने अखेर अशा आवाजांसाठी एक विभाग काढला, रेडिओफोनिक वर्कशॉप. तो निघावा म्हणून झगडणाऱ्यांत ओराम होती, पण विभागाला हवे होते नाटकांसाठी चित्रविचित्र आवाज आणि हिला करायचं होतं संगीत. वर्षाच्या आत, १९५९ साली, तिने नोकरी सोडली. सोळा वर्षांची नोकरी हो! लंडनबाहेर केंट परगण्यात एक जुनी इमारत होती, बिअरसाठी लागणारी हॉप नावाची फुलं वाळवायची भट्टी. तिचं घर केलेलं होतं, 'टॉवर फॉली' नावाचं. तिथे ही बाई एकटी राहायला गेली आणि घरातच तिने स्टुडिओ मांडला.

तिथे तिने जे यंत्र बनवलं त्याचं मला फार कौतुक वाटलं. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आपल्याला माहीत आहे. तशा कोऱ्या, पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या शेजारी शेजारी फिरतात. त्यांवर हिने काळ्या शाईने रेघा, टेकड्या, ठिपके काढायचे. एका बाजूने उजेड सोडलेला, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे डोळे बसवलेले. रेघ जशी जाड-बारीक, वर-खाली जाईल तसा उजेड अडतो आणि त्याप्रमाणे विजेचा दाब बदलतो. एक पट्टी सुराची उंची ठरवते, एक आवाज लहान-मोठा करते, एक त्याचा पोत. आवाजाच्या लाटेचा आकारसुद्धा ती काचेवर हाताने रंगवायची. म्हणजे रांगोळी काढावी आणि रांगोळीने गावं, असं म्हणा ना. गुलबेंकियन फाउंडेशनने १९६२ साली तिला या कामासाठी ३,५५० पौंड दिले. बाकी पोटापाण्यासाठी ती जाहिरातींचं संगीत करायची, चित्रपटांना आवाज द्यायची, शाळेतल्या मुलांनी ऐकून नाचावं-हलावं म्हणून तबकड्या काढायची. १९७२ साली तिने एक पुस्तकही लिहिलं.

ही गोष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. यंत्र पुरतं जमेपर्यंत जग सिंथेसायझरकडे आणि मग कॉम्प्युटरकडे वळलं. १९९०च्या दशकात पक्षाघाताचे झटके आले, काम थांबलं, २००३च्या जानेवारीत ती गेली. ते यंत्र २०११ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये लोकांना बघायला मांडलं. आणि नाकारलेली ती 'स्टिल पॉइंट'? २०१८ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजली. ज्या हॉलमध्ये ती पोरसवदा मुलगी तबकडी फिरवत बसायची, त्याच हॉलमध्ये. बीबीसीच्याच उत्सवात. पण ऐकायला ती नव्हती.

तर ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की टाळ्यांसाठी करत असाल तर हे खूळ महागात पडेल. टाळ्या येतच नाहीत, आल्या तर उशिरा येतात. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. चरणजित सिंग म्हणून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक होते. १९८२ साली त्यांनी परदेशातून आणलेली रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन दहा रागांची, नाचाच्या ठेक्यावरची तबकडी काढली. कोणी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये, युरोपात ती पुन्हा निघाली आणि गोरी तरुण मुलं चकित झाली, की आपण ज्या तऱ्हेच्या संगीताचा जन्म अमेरिकेतला समजतो तसलं काहीतरी या माणसाने मुंबईत आधीच करून ठेवलंय! सत्तरी उलटल्यावर ते युरोपात वाजवून आले. पण ते पोटाला लागतील एवढी लग्नाची आणि पार्ट्यांची वाजवणी करत होते, त्या तबकडीच्या आशेवर बसले नव्हते. तुमच्या दोन तासांवर कोणाचं पोट अवलंबून नाही, तेव्हा खूळ खुशाल राहू द्या.

आता याला संगीत म्हणायचं का? मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी गाणं आहे त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल. सुरुवातीला किती नाकं मुरडली होती आपण! आज रियाजाला त्याच्यावाचून चालत नाही, मोबाईलमध्येही तो आलाय. त्याच्या पोटात ना तार, ना भोपळा. मग ताईंनी काय गुन्हा केला?

भाच्याने मला एक गंमत करून दाखवली, ती तुम्हीही करून पाहा. स्टीलच्या पातळ वाटीवर चमचा हलका वाजवून मोबाईलवर टिपा. तो आवाज निम्म्या वेगाने लावला की बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. परत निम्मा केला की आणखी एक सप्तक खाली. आता डोळे मिटून ऐका: देवळातली मोठी घंटा! टेपच्या काळात याखेरीज मार्ग नव्हता, लांबवलं की सूर उतरायचाच. कॉम्प्युटरमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, सूर तोच ठेवून नुसतं लांबवता येतं, किंवा उलट.

दुसरी गंमत फ्रिजची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मोटारीची घरघर साधारण शंभर कंपनांची असते. पेटीवर शोधलंत तर खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. म्हणजे आपण वर्षानुवर्षं पांढरी पाचच्या षड्जात पोळ्या लाटतोय की! (इन्व्हर्टरचा नवा फ्रिज असेल तर त्याचा सूर हलता असतो, त्यावर तंबोरा लावू नका.)

रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये ओरामनंतर आलेली डेलिया डर्बिशर तर दिव्याची हिरवी शेड वाजवायची. धातूची, जुनाट, घंटेसारखी. १९६७ साली सहारातल्या लोकांवरच्या एका माहितीपटासाठी तिने त्या शेडचा नाद टिपला, ठोक्याचा भाग कापून टाकला, मागे उरलेल्या घुमण्याचे सूर वेगवेगळे काढून पुन्हा एकत्र बांधले. तिकडच्या 'डॉक्टर हू' या दूरदर्शन मालिकेचं १९६३ सालचं शीर्षकसंगीत तिनेच टेपचे तुकडे जोडून जोडून बनवलं. चाल दुसऱ्या संगीतकाराची होती, नाव त्याचंच लागलं. तिचं नाव पडद्यावर यायला २०१३ साल उजाडलं, तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. असो. हे वाचून तुमचंही तोंड कडू झालं असेल, पुढे जाऊ.

कोणाला ताईंसारखं करून बघावंसं वाटलं तर पैसे आधी खर्च करू नका. हे मी निक्षून सांगते, कारण दुकानदार तुम्हाला चाळीस हजारांच्या खाली उतरू देणार नाही. हातातला मोबाईल आणि घरातला कोणताही चालता कॉम्प्युटर पुरतो. 'ऑडॅसिटी' म्हणून एक फुकट मिळणारी प्रणाली आहे, कापणं, लांबवणं, उतरवणं, थर चढवणं हे सगळं तीत होतं. विकत घ्यायचेच तर हेडफोन बरे घ्या, कान पूर्ण झाकणारे, म्हणजे शेजारीही झोपतील आणि तुमचंही गुपित राहील. आवाज मात्र निम्म्याच्या वर नेऊ नका, कान परत मिळत नाहीत.

टिपताना पंखा बंद. मोबाईल टेबलावर ठेवू नका, टेबल प्रत्येक हालचाल बोलून दाखवतं, खाली घडी केलेला टॉवेल घाला. खोली घुमत असेल तर अंड्यांचे कागदी ट्रे भिंतीला चिकटवायला सांगतील, काही उपयोग नाही त्याचा. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: गोधडी! दोरीवर दोन गोधड्या टाकून मध्ये बसा. नाहीतर साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला. कपडे आवाज पिऊन टाकतात. आणि दिवे जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा दर पाच मिनिटांनी काम साठवत चला. दूध विरजायला विसरत नाही तसंच हे हाताला लावून घ्यायचं.

जतन करण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण मी भोगलंय. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी १९८४ साली टू-इन-वनवर टेप केल्या होत्या. माहेरच्या पडवीत, पहाटे. ओवीबरोबर जात्याची घरघर आणि मध्येच तिचं "आता पुरे गं" असं सगळं होतं. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे तोडले की तिच्यावर पुन्हा टेप होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. उद्या तोडू, उद्या तोडू म्हणून राहिलं. आमच्या चिरंजीवांनी त्यावर क्रिकेटची कॉमेंटरी टेप केली. मी त्याला बोलले नाही, दहा वर्षांचं पोर ते. आईलाही कधी सांगितलं नाही. ती १९९१ साली गेली. कॉमेंटरी संपल्यावर कॅसेटच्या शेवटी चाळीसेक सेकंद अजून आहेत. जातं आहे, अर्धी ओवी आहे.

म्हणून ताई, आजच्या आज सासूबाईंचं मूळ ध्वनिमुद्रण, काही न केलेलं, तीन ठिकाणी ठेवा. एक मोबाईलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर कपाटात, आणि एक मुलाला पुण्याला पाठवा. फाइलच्या नावात तारीख आणि सासूबाईंचं नाव घाला. त्या मुळाला हात लावायचा नाही, जे काय कराल ते नकलेवर.

आता तुमचा तिसरा प्रश्न. त्याच्यासाठी आणखी एका बाईकडे जावं लागेल. एलियान रादिग. १९३२ सालची, पॅरिसची. लग्न आर्मां नावाच्या शिल्पकाराशी झालं, तो पुढे फार मोठा झाला. तीन मुलं पाठोपाठ. १९५०च्या दशकात बिऱ्हाड दक्षिणेला, नीसच्या विमानतळाजवळ. दुसऱ्या कोणी विमानांच्या नावाने बोटं मोडली असती, ही ऐकत बसायची, कोणतं विमान कोणत्या सुरात जातंय! त्याच सुमाराला पिएर शेफेर यांचं आगगाडीच्या आवाजांतून बनवलेलं संगीत तिने रेडिओवर ऐकलं आणि तिला वाटलं, अरे, हे तर माझंच. पॅरिसला जाऊन ती त्यांच्याकडे टेप कापायला-जोडायला शिकली, पण मुलं लहान, संसार नीसला, मधली कितीतरी वर्षं तशीच गेली. ती वर्षं कशी जातात ते मी तुम्हाला सांगायला नको. १९६७च्या सुमाराला नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने पुन्हा टेप हाती घेतली. पस्तिशी आली होती.

१९७०च्या सुरुवातीला ती न्यूयॉर्कला गेली आणि एआरपी २५०० नावाचा, कपाटाएवढा सिंथेसायझर घेऊन पॅरिसला परतली. कीबोर्ड मात्र मुद्दाम तिकडेच ठेवला. हाताशी पट्ट्या असल्या की बोटं चाली वाजवायला धावतात, आणि तिला चाल नकोच होती. नुसत्या खुंट्या आणि सरकपट्ट्या, केसाएवढ्या फिरवायच्या. सूर लागतो आणि तो इतका हळू बदलतो की कधी बदलला ते कळत नाही, संध्याकाळचा उजेड जातो तसा. तास-तासभराच्या रचना. अखेरचं मिश्रण एका दमात करायचं, पन्नासाव्या मिनिटाला हात चुकला तर परत पहिल्यापासून. घरात, एकटीने, तीस वर्षं.

मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, पहिली दहा मिनिटं वाटलं काही घडतच नाहीये, बटाटे तरी सोलून घ्यावेत. मग केव्हातरी लक्ष लागलं. तंबोऱ्याच्या जोडीमध्ये बसून ज्यांनी नुसता षड्ज ऐकलाय, ज्यांना त्यात आपोआप बोलणारा गंधार ऐकू आलाय, त्यांना हे परकं वाटणार नाही. संपलं तेव्हा घर फार शांत वाटलं.

तर या बाईने १९७५च्या सुमाराला तिबेटी बौद्ध मार्ग धरला, काही वर्षं संगीत बाजूला ठेवलं, गुरूंनीच तिला पुन्हा कामाकडे पाठवलं. मृत्यूवर तीन भागांची एक मोठी रचना तिने सुरू केली. पहिला भाग १९८८ साली झाला. १९८९ मध्ये तिचा मुलगा मोटार अपघातात गेला. चौतिशीतला. दुसरा भाग तिने १९९१ साली पुरा केला, तो कैलासाची मनाने केलेली परिक्रमा आहे, नावही 'कैलाश'च. तिसरा १९९३ साली. मुलाचा आवाज तिने त्यात वापरला नाही, शब्दही नाहीत. पण ज्या यंत्रापुढे मुलगा असताना बसायची, त्याच यंत्रापुढे, त्याच खोलीत ती परत जाऊन बसली. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर तिने सिंथेसायझर बाजूला सारला, जगभरचे वादक तिच्याकडे येऊ लागले आणि ती त्यांना समोर बसवून रचना सांगू लागली. तो भाग मला थोडा कमी कळला, सोडून देते.

ताई, तुम्ही लिहिलंय, "सासूबाई होत्या तेव्हा आमचं फारसं पटत नव्हतं." हे वाक्य तुम्ही चौथ्या पानावर, कंसात लिहिलंय. मला वाटतं सगळं पत्र त्या कंसात आहे. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्याशी स्वयंपाकघरात दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही, त्यांची तीन मिनिटांची गुणगुण तुम्ही पाच महिने रोज दोन तास कानाला लावून ऐकलीत. श्वास कुठे घेतात, 'नमः'वर कुठे अडखळतात, सगळं तुम्हाला पाठ झालं असणार. यात पाप कुठलं हो? इतकं कान देऊन कोणी कोणाचं ऐकत नाही, जिवंतपणीसुद्धा.

तरी यजमानांच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांची आई आहे ती. रचना त्यांच्या कानावर अशी अवचित पडता कामा नये, त्या दिवशी वायर निघाली तशी तर नाहीच. बाहेरच्या कोणाला, मोबाईलवरच्या महिला मंडळाला, भिशीच्या मैत्रिणींना त्यांच्याआधी ऐकवू नका. वर्षश्राद्धाच्या दिवशी चार नातेवाइकांत लावू नका. एखाद्या साध्या दिवशी, रात्रीची जेवणं झाल्यावर, आधी फक्त मूळ ध्वनिमुद्रण त्यांना द्या. ते तरी त्यांनी कुठे ऐकलंय? तुम्ही त्या खोलीत बसू नका. बाप्यामाणसाला रडू आलं तर त्याला आडोसा लागतो. दुसरं काही त्या दिवशी बोलूच नका. मग आठवड्याने, पंधरा दिवसांनी त्यांनी आपणहून ते पुन्हा मागितलं, तर सांगा, की याचं मी आणखी काहीतरी केलंय, ऐकणार का? नको म्हणाले तर नको. ते चिडतील अशी भीती तुम्हाला वाटते. चिडतीलही. तुमची दीड वर्षाची चोरी त्यांना या आवाजापेक्षा जास्त लागेल असा माझा अंदाज आहे, तेव्हा ती आधी कबूल करून टाका, हसत हसत, सासूबाईंचा विषय काढायच्या कितीतरी आधी. फ्रिजच्या पांढरी पाचपासून सुरुवात करा. पुरुषांना असल्या गोष्टी आवडतात.

रचना मला पाठवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांनी ऐकल्यावर पाठवा. त्याआधी मला ऐकायचा अधिकार नाही.

आणि हो, सगळ्यांसाठीच एक सूचना. हेडफोन घालून बसाल तेव्हा गॅसवर काही ठेवू नका. मी भाच्याकडून आणलेलं रादिगबाईंचं ऐकत होते आणि दूध तापत ठेवलेलं पार विसरले. ना उतू गेल्याचं कळलं, ना करपल्याचं. पातेल्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी लाकडी उलथन्याने खरवडलं तेव्हा कुठे निघालं.